पाऊण मिलिमीटरची करामत

पैठणीच्या ब्लाउजवर मशीनने भरलेला मोर दुरून सगळेच बघतात. एकदा भिंग घेऊन बघा. मोराच्या मानेवरचा तो सलग, चकचकीत निळा पट्टा म्हणजे साटिन टाका. दोरा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, तिथून परत पहिल्या कडेवर अशा येरझाऱ्या घालतो आणि पट्टा भरत जातो. आता त्या पट्ट्याची एकच कड धरा. सुई जिथे जिथे उतरली, त्या शेजारशेजारच्या दोन जागांमध्ये अंतर असतं सुमारे ०.४ मिलिमीटर. नेहमीच्या दोऱ्यासाठी डिझाइनची सॉफ्टवेअरं याच आकड्याच्या आसपास सुरुवात करतात. आणि सुईची जाडी? भरतकामात सर्वांत जास्त चालणारी सुई असते ०.७५ मिलिमीटरची.

म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडीची पोलादी काडी दर ०.४ मिलिमीटरवर कापडात घुसते, मिनिटाला सातआठशे वेळा घुसते, आणि कापड फाटत नाही! हिशेबाने पाहिलं तर भोकात भोक मिसळून मोराच्या मानेभोवती सरळ चीर पडायला हवी आणि पहिल्याच धुण्यात अख्खा मोर हातात यायला हवा.

तो येत नाही, कारण योग्य सुई कापडाचं सूत सहसा तोडत नाही. ती सुतांमधली फट गाठते, सुतं बाजूला सारते, दोरा खाली सोडते आणि वर निघून येते. सुतं पुन्हा आपल्या जागी सरकतात. हा सगळा मुक्काम सेकंदाच्या जेमतेम तिसाव्या भागाचा. आणि तो सुखरूप पार पडायचा तर सुईचं टोक, नेढं, जाडी आणि पाठीवरचा खळगा या चारही गोष्टी त्या कापडाशी आणि त्या दोऱ्याशी जुळाव्या लागतात. भरतकामाचं मशीन घेताना लोक महिनाभर चौकशी करतात, दोऱ्याच्या छटा उन्हात नेऊन पारखतात, डिझाइनला पैसे मोजतात. सुई मात्र मशीनबरोबर जी आली तीच, मोडेपर्यंत. हे उफराटं आहे. अख्ख्या मशीनमध्ये कापड, दोरा आणि खालचा हूक या तिघांशीही एकाच वेळी गाठ पडते ती फक्त सुईची.

तर एक सुई हातात घ्या. वरचा जाड भाग मशीनमध्ये आवळला जातो. घरगुती मशीनच्या सुईचा हा भाग सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि एका बाजूने सपाट असतो, त्यामुळे ती उलटसुलट बसतच नाही. पाकिटावर त्याची खूण एचएएक्स१ किंवा १३०/७०५ अशी असते. बहुसुई मशीनवर डीबीएक्सके५ जातीची सुई चालते. तिचा वरचा भाग गोल आणि बारीक, १.६२ मिलिमीटरचा. हिला सपाट बाजू नसल्याने सरळ बसवायची जबाबदारी आपली. या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत, म्हणून नंबर बघायच्या आधी जात बघायची.

आता खाली या. सुईच्या पुढच्या अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत एक लांब पन्हळ कोरलेली असते. मागच्या अंगाला, नेढ्याच्या जरा वर, पोलाद खरवडून काढल्यासारखा एक खळगा असतो. कॅटलॉगमध्ये त्याला स्कार्फ म्हणतात. नखाने चाचपलात तर पन्हळ आणि खळगा दोन्ही लागतात. ही नक्षी नाही. या दोन खाचा नसत्या, तर एकही टाका पडला नसता.

का, ते कळायला एक टाका अगदी सावकाश घालून बघू. सुई खाली निघाली. दोरा पुढच्या पन्हळीत लपून बसलाय, त्यामुळे कापडातून जाताना तो घासला जात नाही. सुई तळाला पोचली आणि परत वर निघाली. पुढच्या बाजूचा दोरा पन्हळीत मोकळा आहे, तो सुईबरोबर सुखाने वर सरकतो. मागच्या बाजूला मात्र दोऱ्याला लपायला एवढी लांब जागाच नाही. तिथे तो सुई आणि कापड यांच्यात चिमटला जातो. सुई वर चाललीय आणि दोरा अडकून पडलाय, मग तो करणार काय? बाहेर फुगतो. सुई तळापासून दोन-अडीच मिलिमीटर वर आली की तिच्या पाठीमागे दोऱ्याचा एक इवलासा फास तयार होतो.

नेमक्या त्या क्षणी फिरत्या हुकाचं टोक तिथे हजर होतं, फासात शिरतं आणि तो ओढून मोठा करत बॉबिनभोवती फिरवून आणतं. वरचा टेक-अप लिव्हर उरलेला दोरा खेचून घेतो, वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात, टाका झाला. हुकाचं टोक सुईला चिकटून जावं, पण घासू नये; दोघांमधलं अंतर ठेवतात सुमारे ०.१ मिलिमीटर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पाठीवरचा तो खळगा यासाठीच असतो. हुकाला जवळ यायला वाव मिळतो आणि फासाला फुगायला जागा.

यातून एक गोष्ट आपोआप उमगते. फास तयार होतो तो कापडाने दोऱ्याला अडवून धरल्यामुळे. कापड सैल असेल तर ते सुईबरोबर स्वतःच वर उचललं जातं, दोरा अडत नाही, फास फुगत नाही आणि हूक रिकाम्या हाताने फिरून जातो. यालाच आपण टाका सुटला म्हणतो. शिवणक्लासमध्ये पायमशीनवर भरतकाम शिकवताना दाबपट्टी काढायला लावतात, खालचे दात निकामी करतात आणि कापड रिंगमध्ये ताठ ताणून घ्यायला सांगतात. त्या ताठपणावर बाईंचा एवढा कटाक्ष का असतो, त्याचं उत्तर सुईच्या पाठीमागच्या त्या फासात आहे.

सुईचं नेढं टोकाला असणं, हीही आपल्याला आता सहज वाटणारी गोष्ट. हजारो वर्षं सुईचं नेढं दुसऱ्या टोकाला होतं, कारण हात सुईला कापडातून आरपार ओढून घेऊ शकतो. १८२०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या म्युलूझ गावी जोसुआ हाइलमन यांनी भरतकामाचं मशीन बनवलं, तेव्हा त्यांनी हाताचीच नक्कल केली. त्यांच्या सुयांना दोन्हीकडे टोकं आणि मधोमध नेढं. कापडाच्या एका बाजूचे चिमटे सुई सोडायचे, दुसऱ्या बाजूचे पकडायचे, पुन्हा परत पाठवायचे. कल्पना देखणी होती, पण सुईत ओवलेला तुकडा संपला की काम थांबायचं आणि सगळ्या सुया नव्याने ओवायच्या.

सुई आरपार जायलाच नको, तिने नुसतं डोकावून परत यावं, हा विचार सुचल्यावर नेढं टोकाला आलं आणि दोरा रिळावरून अखंड येऊ लागला. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८३०च्या दशकात असं मशीन बनवलं, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. इलायस होव यांनी १८४६ मध्ये घेतलं आणि पुढे सिंगरसकट इतरांकडून त्याचे पैसे वसूल केले. होव यांना स्वप्नात भाले दिसले आणि त्या भाल्यांच्या टोकांना भोकं होती, अशी एक आख्यायिका सांगतात. गोष्ट झकास आहे. पण हंट यांना तेच भोक त्याच जागी आधीच सुचलं होतं, तेही स्वप्नाशिवाय.

ही शिवणयंत्राची युक्ती भरतकामात आणली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी, १८६३ मध्ये. सेंट गॅलनच्या परिसरात जन्मलेल्या त्या शिफली मशीनवर शेकडो सुया एका रांगेत, एकाच वेळी, कापडाच्या पूर्ण रुंदीवर काम करतात. हकोबा म्हणून आपल्याकडे ओळखलं जाणारं छिद्राछिद्रांचं सुती कापड, आजीच्या पांढऱ्या ब्लाउजचं, ते याच जातीच्या मशीनवर भरलेलं असतं.

निवडीकडे वळताना पहिला प्रश्न कापडाचा नाही, दोऱ्याचा. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पण विचार करा. हूक दोरा बॉबिनभोवती फिरवतो तेव्हा दर टाक्याला काही सेंटिमीटर दोरा खाली जातो. प्रत्यक्ष टाक्यात मात्र चारपाच मिलिमीटरच खर्ची पडतो. बाकीचा सगळा नेढ्यातून परत वर ओढला जातो. पुढच्या टाक्याला तोच पुन्हा खाली, पुन्हा वर. मोराच्या पिसात कायमचा बसण्याआधी दोऱ्याचा प्रत्येक कण नेढ्यातून वीसतीस वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ये-जा करून आलेला असतो. भरतकामाचा रेयॉनचा दोरा चमकतो, कारण तो अगदी बारीक, गुळगुळीत तंतूंचा आणि हलक्या पिळाचा असतो. आणि नेमका त्याचमुळे तो घासणीला लवकर हार मानतो. नेढं अरुंद असेल किंवा त्याची कड खरखरीत असेल, तर एकेक तंतू सुटत जातो, दोरा पिंजतो, नेढ्यापाशी कापसासारखा गोळा जमतो आणि तुटतो. भरतकामाच्या सुईला साध्या शिवणाच्या त्याच जाडीच्या सुईपेक्षा मोठं नेढं देतात ते याचसाठी.

ते नेढं आतून गुळगुळीत कसं करतात, हे कळलं तेव्हा माझा सुईबद्दलचा आदर दुप्पट झाला. पोलादी तार दाबून बारीक करायची, पन्हळ कोरायची, नेढं ठोकून पाडायचं, मग पोलाद तापवून कठीण करायचं. एवढं झाल्यावर नेढ्यातून पॉलिशची बारीक पूड लावलेले दोरे पुन्हा पुन्हा ओढतात. पुढे आयुष्यभर ज्या दोऱ्याशी गाठ पडायची आहे, त्या दोऱ्याच्याच जातीकडून आधी घासून घ्यायचं! त्यानंतर निकेल किंवा क्रोमचा मुलामा.

नेढं दोऱ्याला पुरेसं आहे का, हे घरी बघायला काही लागत नाही. सुई मशीनमधून काढा, दोऱ्याचा हातभर तुकडा तिच्यात ओवा, दोन्ही हातांनी तिरका, ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाशी सोडा. ती आपल्या वजनाने घरंगळत खाली आली तर जोडी जमली. अडखळली तर एक नंबर वरची सुई घ्या.

नंबरांचा मात्र एक घोळ आहे आणि तो समजून घेतलेला बरा. पाकिटावर ७५/११ असं लिहिलेलं असतं. त्यातला ७५ म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यांपैकी पंचाहत्तर. जाडी सरळ कळते. ११ हा सिंगरच्या जुन्या मोजणीतला क्रमांक, त्याचा मिलिमीटरशी थेट संबंध नाही, पण आपल्या बाजारात चालतो तोच. ६५ म्हणजे ९ नंबर, ८० म्हणजे १२, ९० म्हणजे १४, १०० म्हणजे १६. आकडा वाढला की सुई जाड. दोऱ्याचं बरोबर उलटं. ४० नंबरचा दोरा म्हणजे एक किलोत ४० किलोमीटर बसणारा आणि ६० नंबरचा म्हणजे त्याच एका किलोत ६० किलोमीटर बसणारा. आकडा वाढला की दोरा बारीक. काही रिळांवर ४०च्या ऐवजी १२०/२ लिहिलेलं असतं: ९,००० मीटरला १२० ग्रॅम वजनाचे दोन पदर एकत्र पिळलेले. त्याचा किलोला हिशेब करा, साडेसदतीस किलोमीटर येतात. तो ४० नंबरच समजायचा.

मग जोड्या अशा लागतात. ४० नंबरच्या दोऱ्याला ७५/११. बारीक अक्षरं काढायची असतील, पाच मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची, तर ६० नंबरचा दोरा आणि ६५/९ किंवा त्याहून बारीक सुई. पंचाहत्तरच्या सुईने एवढ्या लहान अक्षरातली पोकळी भरून जाते आणि ‘ह’ आणि ‘इ’ ओळखू येत नाहीत. ३० नंबरच्या जाड दोऱ्याला ९०/१४. जरीचा दोरा हा वेगळा प्राणी. मधला धागा आणि त्याभोवती गुंडाळलेली चकचकीत पट्टी, अशी त्याची घडण. नेढ्यावर घासून पट्टी उकलते आणि गुंता होतो. त्याला लांबट मोठ्या नेढ्याची ८०/१२ किंवा ९०/१४ लागते, आणि मशीनचा वेग निम्म्यावर आणावा लागतो. जरीचं काम घाईत करायला जाणाऱ्यांना दुकानातला कोणताही दोरा चांगला वाटत नाही. दोष बहुतेक वेळा वेगाचा असतो.

७५ आणि ९० यांत फरक किती? ०.१५ मिलिमीटर. नजरेला कळणारसुद्धा नाही. पण भोकाचा आकार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नव्वदच्या सुईला ४४ टक्के जास्त जागा लागते. आता दुसरी बाजू बघा. काडी वाकायला किती विरोध करते, हे जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. त्या हिशेबाने नव्वदची सुई पंचाहत्तरच्या दुपटीहूनही किंचित जास्त ताठ आहे आणि पासष्टची सुई पंचाहत्तरच्या साधारण ५६ टक्के ताठ. साध्या शिलाईत कापड एकाच दिशेला सरकतं. भरतकामात फ्रेम चारही दिशांना पळते, दोरा कधी डावीकडून ओढतो, कधी मागून. आधी भरलेल्या दाट टाक्यांवर सुई पुन्हा उतरते तेव्हा तिचं टोक हलकेच बाजूला ढकललं जातं. हूक ०.१ मिलिमीटरवर उभा आहे, हे लक्षात ठेवा. तेवढी सुई वाकली की एक तर हूक फास चुकतो, नाही तर सुईच हुकावर आपटते आणि मोडते.

सुईच्या निवडीतला खरा झगडा हा आहे. कापड म्हणतं बारीक सुई घाल, दाट डिझाइन म्हणतं ताठ घाल. ऑर्गन्झासारख्या पारदर्शक कापडावर ६०/८ किंवा ६५/९ शिवाय दुसरी सुई धरूच नये, कारण तिथे प्रत्येक भोक दिसतं. मग डिझाइन विरळ करायचं. टोपीवर किंवा डेनिमवर कापडाची दया दाखवायची गरज नाही, तिथे ८०/१२ किंवा ९०/१४ घालावी. रेशमी ब्लाउजपीस या दोन टोकांच्या मधोमध येतो. रेशीम दाट विणीचं असतं, त्याला बारीक आणि अणकुचीदार सुई हवी. ६५/९ वर जमलं तर उत्तम, नाही तर ७०/१०. काठावरच्या जरीतून भरायचं असेल तर टोक लवकर मरतं, तेव्हा त्या कामाला सुई नवी घ्यावी आणि काम झालं की बदलावी.

टोकांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. विणलेल्या, म्हणजे ताण्याबाण्याच्या कापडाला अणकुचीदार टोक: सुती, रेशीम, डेनिम. टी-शर्टचं होजिअरी कापड ही वेगळी गोष्ट. तिथे एकच सूत फासात फास अडकवत गेलेलं असतं, आणि अणकुचीदार सुईने त्यातला एक फास तोडला तरी त्या दिवशी काही दिसत नाही. दोनतीन धुण्यांनंतर लोगोच्या कडेने भोकं उगवतात आणि ग्राहक कापडाला शिव्या देतो. अशा कापडाला बॉलपॉइंट सुई लावायची. तिचं टोक किंचित गोलसर असतं, ते सुतावर उतरलं तर त्याला न छेदता बाजूला घसरतं. एसईएस असं लिहिलेलं असेल तर गोलाई कमी, एसयूके असेल तर जास्त. भरतकामाला सहसा कमी गोलाईची पुरते, जास्त गोलाईच्या टोकाने साटिनच्या कडा हलतात.

चामड्याला मात्र सरकवायला सूतच नाही. तिथे धार असलेल्या टोकाची, कापणारी सुई असते, आणि तिने पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. सुरुवातीचं ते ०.४ मिलिमीटरचं गणित इथे खरं होतं: दाट साटिन भरलात तर पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखं डिझाइन कडेने सुटून येईल. चामड्यावर टाक्यांमधलं अंतर वाढवावंच लागतं.

आणि ती युनिव्हर्सल सुई? सगळ्यांना थोडीथोडी चालणारी, कोणालाच पुरती न चालणारी. पदर दुमडायला, उशीचे अभ्रे शिवायला बेलाशक वापरा. तीस हजार टाक्यांच्या डिझाइनला तिच्या भरवशावर बसू नका.

सोनेरी सुईबद्दल नेहमी विचारलं जातं. तो सोन्याचा मुलामा नसून टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. तो फार कठीण असतो, त्यामुळे टोक जास्त दिवस टिकतं आणि सुई महागही असते. रोज मशीन चालवणाऱ्याला परवडते. महिन्यातून दोन रुमाल भरणाऱ्याने त्या पैशात साध्या सुयांची दोन पाकिटं घ्यावीत. खाली चिकटणारा पेपर लावून काम करणाऱ्यांना मात्र वेगळ्या, न चिकटणाऱ्या मुलाम्याच्या सुया खरोखर उपयोगी पडतात, कारण घर्षणाने सुई तापते, पेपरचा गोंद मऊ होतो आणि नेढ्यात जमतो. सुई किती तापू शकते? कपड्यांच्या कारखान्यात मिनिटाला चारपाच हजार टाक्यांच्या वेगाने जाड कापड शिवताना तिचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पॉलिएस्टर वितळतं २५० ते २६०च्या दरम्यान. भरतकामाचं मशीन सहसा हजार टाक्यांच्या आत चालतं म्हणून तेवढी वेळ येत नाही, पण थरावर थर असतील तर वेग कमी केलेला बरा.

सुई कधी बदलावी, यावर जाणकारांचा ढोबळ नियम आहे: साधारण आठ तास प्रत्यक्ष चाललेलं काम. मिनिटाला ८०० टाके धरले तर आठ तासांत ३ लाख ८४ हजार टाके होतात. तीस हजार टाक्यांचं डिझाइन असेल तर बारातेरा ब्लाउज. एवढ्या वेळा कापडात शिरून आलेल्या टोकाकडून आणखी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. आठ तासांच्या आतही सुई बोलते, ऐकू आलं पाहिजे. टोक मेलं की कापडात शिरताना टप् टप् असा आवाज येऊ लागतो. धारदार सुई जवळजवळ मुकी असते. टोक नखावरून अलगद ओढलं आणि ओरखडा उठला तर टोकाला बारीक कंगोरा आलाय. काचेवर सपाट बाजू टेकवून आडवी ठेवली आणि सुई नि काच यांच्यामधली फट टोकाकडे कमीजास्त होत गेली तर ती वाकलीय. दोन्ही प्रकारांत कीव न करता फेकून द्यावी. जुन्या सुया एका झाकणाच्या डबीत साठवून मग टाकाव्यात, कचरा वेचणाऱ्याच्या हाताचाही विचार हवा.

बहुसुई मशीनवाल्यांना तर एक मोकळीक आहे जी फार थोडे वापरतात. पंधरा सुयांच्या मशीनवर पंधराही सुया एकाच नंबरच्या असाव्यात, असा काही नियम नाही. अकराबारा जागी ७५/११ ठेवा, एका-दोन जागी बारीक अक्षरांसाठी ६५/९, आणि एक जागा जरीसाठी ९०/१४ कायमची राखून ठेवा. कोणत्या जागी काय बसवलंय, ते मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, कारण सुईवर कोरलेला आकडा चष्म्यालाही दाद देत नाही.

दोरा वारंवार तुटला की आपला हात आधी ताणाच्या चकतीकडे जातो. तो आवरा. क्रम असा धरा: दोरा नव्याने ओवा, मग सुई बदला, आणि त्यानंतरही जमत नसेल तरच ताणाला हात लावा. साटिन पट्टीची मागची बाजू बघा. मधल्या एकतृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरच्या दोऱ्याचा रंग दिसत असेल, तर ताण ठीक आहे आणि गुन्हेगार बहुधा सुईच.

शेवटी खरेदी. दादरच्या किंवा पुण्यात रविवार पेठेतल्या दुकानात गेलात की काउंटरवरून प्रश्न येतो, ‘‘ताई, अकरा देऊ की चौदा?’’ प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. जात कोणती, टोक कोणतं, हे आपण सांगायचं. रीळ आणि कापडाचा तुकडा बरोबर न्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला तीन पाकिटं पुरतात: अणकुचीदार टोकाची ७५/११, बॉलपॉइंटची ७५/११ आणि बारीक कामासाठी ६५/९. भरतकामाच्या एका ब्लाउजच्या मजुरीत ही तिन्ही सहज बसतात.